डॉ. मेमी क्लार्क आणि हार्लेमची मुले



लहान मुलाला काय कळते, असे आपण नेहमी म्हणतो. घरातील मोठी माणसे अपमानाची एखादी गोष्ट बोलत असतात, पोर कोपऱ्यात खेळत असते, आणि आपण समजतो की त्याचे तिकडे लक्ष नाही. ही समजूत किती चुकीची आहे, हे बाबासाहेबांनी आपल्या बालपणाच्या आठवणींत लिहून ठेवले आहे. १९०१ साली, सुमारे दहा वर्षांचे असताना, ते भावंडांसह साताऱ्याहून खटाव तालुक्यातील गोरेगावी नोकरीवर असलेल्या वडिलांना भेटावयास निघाले. अंगावर नवे सदरे होते, डोक्यावर झगझगीत टोप्या होत्या. मसूरच्या स्टेशनावर उतरल्यावर स्टेशनमास्तराने प्रथम आपुलकीने चौकशी केली. पण मुले महार आहेत हे कानी पडताच त्याचा चेहरा पालटला. बैलगाडीवाल्यांनी मुलांना नेण्याचे नाकारले. अखेर दुप्पट भाडे घेऊन एक गाडीवाला कबूल झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनीच हाकावी. बरोबर अन्न होते, पण पाणी कोणी देईना, म्हणून ती रात्र मुलांनी उपाशीपोटी काढली. शाळेत वेगळे बसण्याची सवय त्यांना होतीच. तरीही या प्रवासाने आपल्याला पूर्वी कधी न बसलेला धक्का बसला, असे बाबासाहेब लिहितात.

ही आठवण आपणांस मिळाली, कारण तो मुलगा पुढे बाबासाहेब झाला. परंतु ज्या लाखो मुलांनी असे धक्के खाल्ले आणि ज्यांच्या हाती लेखणी आलीच नाही, त्यांच्या मनात काय घडले, हे कोणी आणि कसे शोधावे? ज्या वयात मुलाला ‘अपमान’ हा शब्दही ठाऊक नसतो, त्या वयातील जखम कशी ओळखावी? हा प्रश्न हाती घेऊन एका कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्रीने आपले सारे आयुष्य खर्ची घातले. तिचे नाव डॉ. मेमी फिप्स क्लार्क. न्यूयॉर्कच्या ज्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी १९१३ ते १९१६ या काळात अध्ययन केले, त्याच विद्यापीठाची ती सुमारे तीस वर्षांनंतरची डॉक्टर. तिचे नाव ज्यांनी ऐकले आहे, त्यांना फक्त बाहुल्यांचा प्रयोग ठाऊक असतो. त्या प्रयोगाविषयी मी बोलणारच आहे. परंतु माझ्या मते तिचे मोठे काम त्यानंतरचे आहे, आणि ते सांगावे म्हणूनच मी आज उभा आहे.

मेमी फिप्स यांचा जन्म १९१७ साली आर्कन्सॉ राज्यातील हॉट स्प्रिंग्ज या गावी झाला. वडील डॉक्टर होते, घर खाऊनपिऊन सुखी होते. आपले बालपण आनंदात गेले, असे त्या स्वतः सांगत. परंतु दक्षिणेतील त्या गावात शाळा वेगळ्या, दुकानांत वागणूक वेगळी. कोठे जावे आणि कोठे जाऊ नये हे मुलाने चालावयास शिकतानाच शिकावयाचे. अंगावर सतत एक चिलखत घालून वावरावे लागे, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी उतारवयात काढले आहेत. सुखी घरातील, डॉक्टरच्या मुलीलाही चिलखत लागत होते, याची येथे नोंद घ्यावी. घरी पैसा आला की मुलाला काही सोसावे लागत नाही, अशी समजूत आपल्यातही आता पसरू लागली आहे.

१९३४ साली त्या वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात गेल्या. विषय घेतले होते गणित आणि पदार्थविज्ञान. तेथे त्यांची केनेथ क्लार्क या तरुण विद्यार्थ्याशी ओळख झाली. मुलांविषयी एवढी ओढ आहे तर मानसशास्त्र का घेत नाहीस, असे त्याने विचारले, आणि त्यांनी विषय बदलला. पुढे दोघांचा विवाह झाला. १९३८ साली पदवी मिळाल्यावर उन्हाळ्याच्या सुटीत त्यांनी एका कृष्णवर्णीय वकिलाच्या कचेरीत काम केले. वंशभेदाविरुद्ध खटले लढविणारे वकील त्या कचेरीत येत, बसत, मसुदे करीत. त्यांत थर्गुड मार्शल हेही होते. कायद्याने गुलामगिरीच्या खुणा पुसता येतील, ही गोष्ट आपल्याला तेथे प्रथम खरी वाटली, असे त्या पुढे म्हणत. त्यानंतर त्यांनी आपल्या एम्.ए.च्या प्रबंधासाठी विषय घेतला तो शाळेत जाण्यापूर्वीच्या वयातील कृष्णवर्णीय मुलांना ‘मी कोण’ याची जाणीव कशी होते, हा. बाहुल्यांचा प्रयोग याच प्रबंधातून वाढला. जग या प्रयोगाला केनेथ क्लार्क यांच्या नावाने ओळखते. मूळ काम पत्नीचे होते आणि आपण त्यात मागाहून सामील झालो, हे केनेथ यांनी स्वतःच सांगितलेले आहे.

कोलंबियात त्यांनी मार्गदर्शक निवडला तो हेन्री गॅरेट. हा प्राध्यापक संख्याशास्त्रात आणि बुद्धिमापनात नामांकित होता, पण कृष्णवर्णीयांची बुद्धी जन्मतःच कमी असते या मताचा होता. त्याचे मत ठाऊक असूनही त्यांनी त्याच्याच हाताखाली काम केले आणि डॉक्टरेट मिळविली. कोलंबियात मानसशास्त्राची डॉक्टरेट मिळविणाऱ्या पहिल्या दोन कृष्णवर्णीय व्यक्ती म्हणजे हे पतिपत्नी होत. गॅरेट यांच्याशी त्यांची पुन्हा गाठ पडावयाची होती.

आता तो प्रयोग. चार बाहुल्या घेतल्या. नाक, डोळे, लांबी, सारे एकसारखे; दोन तपकिरी अंगाच्या व काळ्या केसांच्या, दोन गोऱ्या अंगाच्या व पिवळ्या केसांच्या. मूल समोर बसवावयाचे आणि त्याला एकेक गोष्ट सांगावयाची: तुला जिच्याशी खेळावेसे वाटते ती बाहुली दे. छान बाहुली कोणती, ती दे. वाईट दिसते ती दे. ज्या बाहुलीचा रंग छान आहे ती दे. मग गोऱ्या मुलासारखी कोणती आणि कृष्णवर्णीय मुलासारखी कोणती, हे विचारावयाचे. आणि सर्वांत शेवटी: तुझ्यासारखी दिसते ती दे.

तीन ते सात वर्षांची २५३ कृष्णवर्णीय मुले त्यांनी अशी तपासली. १३४ मुले आर्कन्सॉतील विभक्त शाळांची होती. ११९ उत्तरेकडील मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथील, जेथे काळीगोरी मुले एकाच शाळेत बसत. १९४७ साली प्रसिद्ध झालेले आकडे असे. रंगांतील भेद नव्वद टक्क्यांहून अधिक मुलांना बिनचूक कळत होता. १०० पैकी ६७ मुलांनी खेळावयास गोरी बाहुली मागितली. ५९ मुलांनी सांगितले की वाईट दिसते ती तपकिरी. तीन वर्षांच्या मुलांपैकी निम्म्याहून अधिकांनी ‘माझ्यासारखी’ म्हणून गोरी बाहुली उचलली. सात वर्षांच्या मुलांपैकी ८७ टक्के मुलांनी तपकिरी बाहुली उचलली. म्हणजे वयाबरोबर मुलाला स्वतःची ओळख पटत जात होती. पण त्याच सात वर्षांच्या मुलांत खेळावयास गोरी बाहुली मागणारी मुले ६० टक्के होती. मी कोण आहे हे कळले, आणि जे मी आहे ते चांगले नाही हेही बरोबरच कळले!

शेवटच्या प्रश्नावर काही मुले रडू लागली. काही खोलीबाहेर पळाली. थोड्या वेळापूर्वी जी बाहुली वाईट म्हणून स्वतःच्या हाताने बाजूला केली, तीच आता ‘मी’ म्हणून उचलावयाची होती. चार वर्षांच्या पोराला यापेक्षा स्पष्ट बोलता आले नसते.

विभक्त शाळांविरुद्ध खटले उभे राहिले तेव्हा एन्.ए.ए.सी.पी. या हक्कसंस्थेच्या वकिलांनी क्लार्क पतिपत्नींकडे धाव घेतली. साउथ कॅरोलायनातील क्लॅरेंडन परगण्याच्या खटल्यासाठी १९५१ साली केनेथ क्लार्क तेथे गेले, सोळा मुलांना तीच परीक्षा दिली, आणि न्यायालयात साक्ष दिली. १९५२ साली व्हर्जिनियातील खटल्यात सरकारपक्षाने जो तज्ज्ञ साक्षीदार आणला तो कोण असावा? प्राध्यापक हेन्री गॅरेट. विभक्त शाळांनी मुलांचे काही बिघडत नाही, असे त्याने शपथेवर सांगितले. त्याचे खंडन करावयास वकिलांनी डॉ. मेमी क्लार्क यांना पाचारण केले. ज्याच्याकडून मोजमापाची विद्या घेतली, त्याच्याच विरुद्ध ती विद्या घेऊन ही शिष्या साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली. द्रोणाचार्याने अंगठा मागितला तेव्हा एकलव्याने तो कापून दिला, ही गोष्ट आपल्या मुलांना पिढ्यान्‌पिढ्या कौतुकाने सांगितली जाते. त्यापेक्षा ही गोष्ट सांगावी, असे मला वाटते.

१७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला. वेगळे पण समान, हे १८९६ पासूनचे तत्त्व सार्वजनिक शिक्षणापुरते रद्द झाले. मुख्य न्यायमूर्ती अर्ल वॉरन यांनी निकालपत्रात म्हटले की, केवळ वंशामुळे मुलांना वेगळे काढल्याने त्यांच्या मनात हीनतेची जी भावना उत्पन्न होते, तिचा परिणाम पुढे कधी पुसला जाईल असे दिसत नाही. निकालाच्या अकराव्या तळटीपेत केनेथ क्लार्क यांचा निबंध अग्रस्थानी आहे.

येथे एक गोष्ट लपवू नये. प्रयोगाच्या आकड्यांत वकिलांना अडचणीची एक बाब होती. खेळावयास गोरी बाहुली मागणाऱ्या मुलांचे प्रमाण विभक्त शाळांच्या दक्षिणेत ६२ टक्के होते आणि एकत्र शाळांच्या उत्तरेत ७२ टक्के. तपकिरी बाहुलीला वाईट म्हणणारी मुले दक्षिणेत ४९ टक्के, उत्तरेत ७१ टक्के. टीकाकारांनी यावर बोट ठेवले: मग शाळा वेगळी असण्याने हानी होते हे कसे सिद्ध झाले? क्लार्क यांचे उत्तर असे की दक्षिणेतील मूल निमूटपणे सोसावयास शिकले आहे आणि उत्तरेतील मूल अजून अस्वस्थ आहे. ते उत्तर सर्वांना पटले नाही. मलाही ते पुरते पटत नाही. मला त्या आकड्यांतून निराळेच दिसते. एका बाकावर बसविले म्हणजे काम संपले, असे नाही. बाकावर बसलेल्या मुलाकडे मास्तर कोणत्या नजरेने पाहतो, पुस्तकातील चित्रांत कोणाचे तोंड असते, दुकानातील बाहुली कोणत्या रंगाची असते, हे सारे मूल वाचीत असते. आणि ही गोष्ट जिने प्रयोग केला तिला टीकाकारांपेक्षा आधी कळली होती. म्हणूनच निकालाच्या आठ वर्षे अगोदर ती हार्लेममध्ये तळघरात जाऊन बसली होती.

डॉक्टरेट मिळाल्यावर त्यांना आपल्या विद्येच्या तोलाचे काम मिळेना. कृष्णवर्णीय, स्त्री आणि वर डॉक्टर. अशी व्यक्ती त्या काळच्या न्यूयॉर्कला नकोशीच होती. परिचारिकांविषयीचे आकडे जुळविण्याचे एक काम मिळाले, ते त्यांना मनापासून आवडले नाही. नंतर निराधार कृष्णवर्णीय मुलींच्या एका आश्रमात बुद्धिमापन चाचण्या घेण्याचे काम मिळाले. तेथे त्यांनी पाहिले की या मुलींची परीक्षा घेणारे कोणी तरी आहे, पण परीक्षेनंतर त्यांच्यासाठी काही करणारे शहरात कोणी नाही. पतिपत्नी शहरातील समाजसेवी संस्थांच्या दारोदार फिरले: हार्लेमच्या मुलांसाठी मानसिक उपचारांची सोय करा. कोणी दाद दिली नाही. तेव्हा वडिलांकडून ९४६ डॉलर उसने घेऊन १ मार्च १९४६ रोजी मेमी क्लार्क यांनी हार्लेममधील डनबार अपार्टमेंट्स या वसाहतीच्या तळघरात स्वतःच केंद्र उघडले. त्याच साली बाबासाहेबांनी प्रा. डब्ल्यू. ई. बी. ड्यूबॉइस यांस पत्र लिहून अमेरिकेतील नीग्रो आणि भारतातील अस्पृश्य यांच्या स्थितीतील साम्याचा उल्लेख केला आणि संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या नीग्रोंच्या अर्जाच्या प्रती मागविल्या होत्या. ड्यूबॉइसही एके काळी याच डनबार वसाहतीत राहत असत. एकाच साली दोन टोकांना चाललेली ही दोन कामे. एकमेकांची वार्ता नसलेली.

केंद्रात कोण येत होते? सुरुवातीला आया फारशा येईनात. मुलाला मनाच्या डॉक्टरकडे नेणे म्हणजे ते वेडे आहे हे कबूल करणे, अशी भीती तेथेही होती. पण एक संकट त्यांना केंद्राच्या दारी घेऊन आले. शाळांतून चिठ्ठ्या येत होत्या: तुमचे मूल मंदबुद्धी आहे, त्याला मंद मुलांच्या वर्गात घालीत आहोत. आया मुलांना घेऊन आल्या आणि म्हणाल्या, एवढे तपासून सांगा. डॉ. क्लार्क यांनी मुलांची पुन्हा परीक्षा घेतली. बहुतेकांची बुद्धी त्या वर्गासाठी ठरविलेल्या मर्यादेच्या वर निघाली. मुले मंद नव्हती. त्यांना वाचावयास कोणी नीट शिकविले नव्हते. न वाचता येणारे मूल वर्गात एक तर मुके होते नाही तर दांडगाई करते, आणि दोन्ही रोगांवर शाळेकडे एकच चिठ्ठी होती.

यावर केंद्राने जे केले त्यात मला या बाईंचे खरे मोठेपण दिसते. त्यांनी शाळेचा निर्णय चूक असल्याचे लेखी दाखवून दिले आणि मुलांना वाचन व गणित शिकविण्याचे वर्ग केंद्रातच उघडले. मनोविश्लेषण ही सर्व दुःखांवरची मात्रा आहे असे मानणाऱ्या काही तज्ज्ञांशी यावरून त्यांचे मतभेद झाले. मुलाच्या मनातील गाठी सोडवावयाच्या सोडून पाढे काय शिकविता, असा त्यांचा रोख होता. डॉ. क्लार्क यांचा अनुभव असा होता की, ज्या दिवशी मुलाला एक पान अडखळत का होईना वाचता येते, त्या दिवशी त्याच्या मनातील एक गाठ सुटलेली असते. घरात खोली एक आणि माणसे आठ असतील, बापाला काम नसेल, तर मुलाच्या रात्रीच्या भीतीवर केवळ संभाषणाने उपचार होणार नाही. घराचीही खटपट करावी लागेल, हे त्यांनी ओळखले. म्हणून मनोविकारतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, शिक्षक आणि समाजसेवक एकाच छपराखाली आणले. १९४८ साली केंद्र मोठ्या जागेत गेले आणि त्याचे नाव नॉर्थसाइड बालविकास केंद्र झाले. पुढे पोर्टो रिकन आणि गोरी मुलेही तेथे येऊ लागली, आणि कामगार वर्गही सर्व वर्णांचा ठेवण्यात आला.

येथे मी माझ्या मनातील एक शंका वाचकांपुढे ठेवतो. आपल्या मुलांची मने मोडली आहेत, असे जगाला सांगणे धोक्याचे नाही काय? जो काल म्हणत होता की ही जात जन्मतःच हीन आहे, तोच उद्या म्हणेल की ही जात दुखावल्यामुळे हीन झाली आहे. शब्द फिरला, स्थान तेच राहिले. अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंतांनीही पुढे हाच आक्षेप घेतला. मुलाला चांगल्या शाळेत बसण्याचा हक्क आहे तो त्याचे मन दुखावले म्हणून नव्हे. ते दगडासारखे घट्ट मनाचे असते तरी हक्क तोच राहिला असता. न्यायालयात जखम दाखवावी लागली, कारण जखमेवाचून न्यायालयाचे डोळे उघडत नव्हते. पण नॉर्थसाइडमध्ये त्याच बाईंनी याच्या उलट सिद्ध करून दाखविले: चिठ्ठी खोटी आहे, मूल धडधाकट आहे. या दोन साक्षी एकत्र वाचल्या पाहिजेत. एकीतून समाज काय करतो ते कळते; दुसरीतून मूल काय आहे ते कळते.

आपल्या देशातही याचा पडताळा झालेला आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन अर्थशास्त्रज्ञ स्त्रियांनी उत्तर प्रदेशात सहावी-सातवीच्या मुलांवर प्रयोग करून २००४ साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. ३२१ मुले वरच्या म्हणविल्या जाणाऱ्या जातींची, ३२१ खालच्या म्हणविल्या जाणाऱ्या जातींची. कागदावरील भूलभुलैये सोडवावयाचे आणि जितके सुटतील त्याप्रमाणे पैसे मिळावयाचे. जात पुकारली नव्हती तेव्हा दोन्हीकडील मुलांची कामगिरी सारखीच होती. मग दुसऱ्या गटांत खेळापूर्वी प्रत्येकाचे नाव, बापाचे नाव आणि जात सर्वांसमक्ष मोठ्याने वाचली गेली. लगेच खालच्या म्हणविल्या जाणाऱ्या जातींची मुले मागे पडली. कोडी तीच, पैसे तेच. मध्ये घडले ते एवढेच की कोणीतरी मोठ्याने जात वाचली. शाळेत शिष्यवृत्तीच्या याद्या कशा वाचल्या जातात, हे ज्यांनी ऐकले आहे त्यांना मी अधिक सांगण्याचे कारण नाही.

म्हणून आईबापांना माझी एक विनंती आहे. शाळेतून निरोप आला की तुमचे मूल ढ आहे, त्याचे डोके चालत नाही, तर मान खाली घालून घरी येऊ नका आणि पोराला मारू नका. परीक्षा कोणी घेतली, कोणत्या भाषेत घेतली, मुलाला वाचता येते की नाही हे आधी पाहिले काय, हे विचारा. दुसऱ्या जाणत्या माणसाकडून पुन्हा तपासून घ्या. आपल्या वस्तीतील विहारात संध्याकाळी दोन तास चालणारा वाचनवर्ग हाही बालमनावरील उपचारच आहे. तो चालविणाऱ्या तरुणाने आपण काही किरकोळ काम करतो असे समजू नये.

२००५ साली न्यूयॉर्कमधील कीरी डेव्हिस या शाळकरी मुलीने एक लहानसा चित्रपट काढला आणि त्यात बाहुल्यांचा प्रयोग पुन्हा केला. एकवीस कृष्णवर्णीय मुलांपैकी पंधरांनी गोरी बाहुली पसंत केली. न्यायालयाच्या निकालाला तेव्हा अर्धशतक उलटून गेले होते.

डॉ. मेमी क्लार्क यांनी तळघरात सुरू केलेले केंद्र तेहतीस वर्षे चालविले आणि १९७९ साली त्या निवृत्त झाल्या. ११ ऑगस्ट १९८३ रोजी त्यांचे निधन झाले. केंद्र हार्लेममध्ये अजून चालू आहे, आणि तेथे मुलांना आजही उपचारांबरोबर वाचावयास शिकविले जाते.